पाठांतराची धास्ती आणि नाटकाची हौस

इंदूरला राजेंद्रनगरात राहणाऱ्या ६६ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. शिकवलं ते सगळं हिंदीतून. मराठी नाटकं बघायची सवय जुनी, इंदूरच्या 'सानंद' संस्थेच्या नाटकांना हजेरी ठरलेली. कॉलेजात असताना नाटकात काम करायचं होतं, पण घरून परवानगी मिळाली नाही. आता ओळखीतला एक हौशी संच दोन अंकी नाटक बसवतो आहे आणि त्यांनी ताईंना आजीची भूमिका देऊ केली आहे. पण हल्ली माणसांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत, म्हणून पाठांतराची धास्ती वाटते. भिशीतल्या सहा-सात जणी म्हणतात, घरीच जमून नाटक वाचू या, जमलं तर गणपतीत करून दाखवू. यजमानांचं मत, 'या वयात लोक हसतील.' नातू म्हणतो, 'आजी, तू तर बातम्यांसारखं वाचतेस.' शिवाय आपली मराठी हिंदाळलेली, ही बोच आहेच. ताईंचा प्रश्न असा: भूमिका घ्यावी, वाचन करावं, की आधी एखादं अभिनय शिबिर करून मग ठरवावं?

ताई, तुमच्या पत्राचा सूर असा आहे की नाटक झेपणार नाही, तेव्हा वाचनावर समाधान मानावं. इथेच थोडं थांबू या. रंगमंचावर नटाच्या मदतीला हालचाल असते, चेहरा असतो, कपडे, दिवे, पार्श्वसंगीत असतं. अभिवाचनात, म्हणजे संहिता हातात धरून केलेल्या नाट्यवाचनात, यातलं काहीच नाही. कोण कुणावर रागावलंय, कोण खोटं बोलतंय, कोण उठून निघालंय, हे सगळं आवाजातून आणि थांबण्यातून कळवायचं. रंगमंचावर उत्तम काम करणारी माणसं हातात कागद आला की सपाट वाचताना दिसतात, ती यामुळेच. पाठांतराचा त्रास वाचतो, पण बाकीचं काम उलट वाढतं.

आता विस्मरणाबद्दल. नाव न आठवणं आणि नाटकातलं वाक्य न आठवणं या एकच गोष्टी नाहीत. नावाला मागचापुढचा आधार नसतो. नाटकातल्या वाक्याला आधीच्या पात्राचं बोलणं, उठण्या-बसण्याची जागा, भांडणाचा ओघ असे अनेक हात असतात, म्हणून साठीनंतरही लोक भूमिका पाठ करू शकतात. (तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जात असतील, रोजचा रस्ता चुकत असेल, तर गोष्ट वेगळी, ती डॉक्टरांकडे न्यावी.) त्यामुळे 'मला पाठ होणारच नाही' असं आताच धरून चालू नका. त्या संचाला मात्र काही साध्या गोष्टी विचारा. आजीची वाक्यं किती? तालमी कुठे, किती वाजता, किती आठवडे? रात्री घरी कोण सोडणार? विंगेत प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य हळूच सांगणारं कुणी, असणार आहे का? पन्नासच्या आत वाक्यं असतील आणि तालीम रात्री नऊच्या आत संपत असेल, तर भूमिका अशक्य नाही. पण पहिल्यांदाच रंगमंचावर जाताना दोन महिने रोज संध्याकाळी तालीम, त्यात चाली-जागा लक्षात ठेवणं, हा भार एकदम येतो. आमचा कौल असा: संचाला 'या वेळी नको, पुढच्या नाटकाला विचारा' असं सांगा, आणि वाचन लगेच सुरू करा. तीन-चार नाटकं मोठ्याने वाचून झाली की भूमिकेचा निर्णय तुम्हालाच सोपा वाटेल. शिबिराचं पुढे कधीतरी बघता येईल. बहुतेक शिबिरांतला वेळ शरीराच्या व्यायामात जातो, आणि तिथे बरोबरीचे विद्यार्थी विशीतले असतात.

यजमानांचा प्रश्न सोपा आहे. पहिले काही महिने प्रेक्षकच नसणार, तर हसणार कोण? त्यांनाच बैठकीला बसवा आणि रंगसूचना वाचायला द्या. हे काम दिसतं तितकं किरकोळ नाही. छापील संहितेत '(हसून)', '(चिडून)', '(क्षणभर थांबून)' अशा सूचना पानोपानी असतात. त्या सगळ्या वाचल्या तर नाटक पाच-पाच सेकंदांनी अडखळतं. जे वाचणारीच्या आवाजातून कळणार आहे ते पेन्सिलीने खोडायचं. कोण आलं, कोण गेलं, फोन वाजला, पत्र फाडलं, दिवे गेले, एवढंच ठेवायचं, आणि तेही सपाट, मध्यम आवाजात. पात्राचं नाव प्रत्येक वाक्याआधी वाचायचं नाही. अंकाच्या सुरुवातीला स्थळ-काळ आणि कोणतं पात्र कोण वाचतंय, एवढं एकदा सांगितलं की पुरे.

नाटक निवडताना बहुतेक गट घसरतात, कारण जे बघायला आवडलं तेच वाचायला घेतात. दारं उघडण्या-मिटण्यावर, लपाछपीवर, वेषांतरावर चालणारं फार्स रंगमंचावर हसवतं आणि टेबलाभोवती मरतं. एक सोपी चाचणी आहे: मधलं कुठलंही पान उघडा, रंगसूचना बोटाने झाका आणि फक्त संवाद वाचा. काय चाललंय ते कळलं तर नाटक तुमच्या कामाचं. पहिल्या वेळेला एकांकिका घ्या. पाच-सहा पात्रं, एकच खोली, रोजच्या बोलण्यातली भाषा, गाणी नाहीत. विनोदी एकांकिका सोपी वाटते, पण तिच्यात वेळ साधणं कठीण. कौटुंबिक, थोडी ताणाची एकांकिका नवशिक्यांना जास्त सांभाळून घेते.

लांबीचा हिशेब आधी करा. छापील पानावर साधारण अडीचशे शब्द धरा. मोठ्याने, सावकाश वाचताना मिनिटाला सव्वाशे शब्द होतात. म्हणजे पानाला दोन मिनिटं. तीस पानांची एकांकिका एका तासात होते, नव्वद पानांच्या नाटकाला तीन तास लागतात. एका बैठकीत पूर्ण नाटक वाचायचा हट्ट धरला की तिसऱ्या अंकापर्यंत आवाज बसतो आणि लक्षही उडतं. मोठं नाटक एका वेळी एक अंक असं घ्या.

जुन्या नाटकांचा मोह तुम्हाला होईल, इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांच्या कपाटांत ती अजून आहेत. हक्कांच्या दृष्टीने ती सोयीचीही पडतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनाचे हक्क (कॉपीराइट) राहतात, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये, खाडिलकर १९४८ मध्ये. या तिघांची नाटकं मोकळी, म्हणजे हक्कमुक्त, आहेत. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांची नाटकं २०२५ पासून मोकळी झाली. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्या नाटकांवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहेत. हक्कातली नाटकं घरी बसून वाचायला काहीच आडकाठी नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगालाही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तरी कार्यक्रम जाहीर करण्याआधी लेखक किंवा वारसांना एक पत्र टाकावं, बहुतेकांना आनंदच होतो. ही सूट प्रयोगाला आहे, अख्ख्या पुस्तकाच्या सात झेरॉक्सना नाही. तीन-चार प्रती विकत घ्या, दोघींत एक चालते. ग्रंथालयाची सोय हवी तर इंदूरच्या महाराष्ट्र साहित्य सभेत चौकशी करा.

जुन्या प्रतींत दोन अडचणी येतात. पहिली, वाक्यं पल्लेदार. गडकऱ्यांचं एक वाक्य कधीकधी अर्धं पान चालतं, आणि श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलं नसेल तर ऐन भरात दम तुटतो. स्वल्पविरामावर श्वास घेऊ नका, अर्थाचा एक तुकडा पूर्ण होतो तिथे पेन्सिलीने तिरकी रेघ मारा. दुसरी अडचण खास तुमच्याकडची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी 'नाहीं', 'कां', 'घरांत', 'तें' असे अनुस्वार लिहायची पद्धत होती. ते उच्चारायचे नसतात. हिंदी वाचनाची सवय असलेला डोळा अनुस्वार दिसला की नाकातून म्हणतो, आणि सगळं बोलणं विचित्र लागतं. पहिल्या वाचनातच ते खोडून टाका. संगीत नाटकातली पदं गाणारी कुणी असेल तर तिने गावीत, नाहीतर पहिल्या दोन ओळी गद्यासारख्या म्हणून पुढे जावं. बेसूर आणि लांबलेल्या पदाइतकं बैठकीला मारणारं दुसरं काही नाही.

मराठी हिंदाळलेली असण्याचं तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. आजच्या काळातल्या, शहरी घरातल्या नाटकात इंदुरी वळणाने बोलणारी आजी अगदी खरी वाटते, तिथे काही बदलायची गरज नाही. पण जुनं किंवा पुण्या-मुंबईचं नाटक घेतलं तर चार-पाच सवयी पकडल्या की पुरे. 'पैसा', 'कैरी', 'औषध' यांतले ऐ-औ हिंदीसारखे चपटे न म्हणता 'अइ', 'अउ' असे उघडे म्हणायचे. 'ज्ञान'मध्ये ग्य नाही, द्न्य. च-ज-झ दोन प्रकारचे: 'माझा' म्हणताना जीभ दातांकडे, 'माझी' म्हणताना टाळूकडे. 'जरा थांब'मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा यांतला फरक मोठ्याने म्हणून बघा, लगेच हाती लागेल. दातांकडचे च-ज आपल्या प्रतीत टिंब देऊन ठेवा. यापलीकडे शुद्धतेच्या मागे लागू नका. उच्चार सुधारत बसलेली वाचक आपण कुणाशी बोलतोय हेच विसरते.

नातवाच्या तक्रारीत मात्र तथ्य असू शकतं, म्हणून तिच्याकडे नीट बघू. बातम्यांसारखं वाचन होतं कारण प्रत्येक वाक्य एकाच उंचीवर सुरू होऊन एकाच उंचीवर संपतं. शिक्षकांना ही सवय जास्त असते, वर्गात सगळ्यांना सारखं ऐकू जावं म्हणून ती लागते. मराठीत हा दोष आणखी एका कारणाने महाग पडतो. आपलं क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. 'मी तुझ्याबरोबर येणार नाही' यातला 'नाही' श्वास संपल्यामुळे गिळला गेला, तर ऐकणाऱ्याला बरोबर उलटं ऐकू येतं. म्हणून सरावाचा पहिला धडा एकच ठेवा: मोबाईलवर एक पान रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐका. जे ऐकू येत नाहीत त्यांवर खूण करा. आवाज वाढवायचा नाही, त्या शब्दापर्यंत श्वास शिल्लक ठेवायचा. त्यानंतर प्रत्येक वाक्यापाशी एवढंच विचारा: ही बाई समोरच्याकडून काय मागतेय? होकार, माफी, पैसे, की नुसतं लक्ष? उत्तर मिळालं की सूर आपोआप हलतो. उलट 'दुःखाने' वाचायचं असं ठरवलं की आवाज रडका होतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो.

त्याहून मोठा दोष तुम्हाला गटात दिसेल: सगळ्यांचे डोळे सतत कागदात. प्रत्येक जण आपलं वाक्य कधी येतंय ते शोधत असते, दुसरी काय बोलली ते कुणी ऐकतच नाही. मग एकीचं संपलं की शांतता, पुढचीचा श्वास, मग वाक्य. एकांकिकेत तीनशे संवाद धरले आणि प्रत्येकापाशी दोन सेकंद गेली, तर दहा मिनिटं नुसती रिकामी. यावर दोन उपाय लागू पडतात. ज्या प्रवेशात आपण नाही तिथे प्रत मिटून मांडीवर ठेवायची. आणि आपल्या वाक्याच्या आधीचे, समोरच्या पात्राचे शेवटचे तीन-चार शब्द, म्हणजे क्यू, अधोरेखित करायचे. ते शब्द कानावर येत असतानाच श्वास घ्यायचा. डोळा क्यूवर, तिथून समोरच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा कागदावर, एवढी सवय सहा-आठ बैठकींत लागते.

प्रत तयार करणं हे आळस करण्यासारखं काम नाही. मोकळं नाटक असेल तर टाइप करून घ्या: ए-फोर कागद, एकाच बाजूला छपाई, १८ पॉइंट अक्षर, दीडपट ओळींतर. एखाद्या पात्राचं बोलणं पानाच्या शेवटी तुटू देऊ नका. ऐन भावनेत पान उलटताना तिथेच सगळ्यांचं अडतं. स्टेपल न करता रिंग फाइलमध्ये लावा. चकचकीत प्लॅस्टिकचे कव्हर नकोत, ट्यूबलाइट त्यात चमकते. आपली वाक्यं फिक्या पिवळ्या हायलायटरने रंगवा; गडद गुलाबीवर पेन्सिलीच्या खुणा दिसत नाहीत. पानांना मोठे क्रमांक घाला, फाइल पडली तर ते उपयोगी पडतात. पंख्याखाली बसणार असाल, आणि इंदूरच्या मे महिन्यात बसावंच लागेल, तर प्रत्येकीला एक-दोन चिमटे द्या.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा त्रास कुणी बोलून दाखवत नाही. त्यात वाचायचा भाग खाली असतो, म्हणून हनुवटी वर करावी लागते, मान ताणली जाते आणि आवाज घशात अडकतो. फक्त वाचनाचा वेगळा चष्मा करून घ्या आणि फाइल छातीच्या उंचीवर, डोळ्यांपासून सव्वा ते दीड फुटावर धरा. कवळी असेल तर घरचा सराव कवळी लावूनच करा, स-श-फ नाहीतर बैठकीत दगा देतात. कोमट पाणी जवळ ठेवा. रक्तदाबाच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तेव्हा घोट-घोट पीत राहायचं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर नाटक बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

बैठक दोन तासांची, ठरलेल्या वारी, दिवसाउजेडी. दर आठवड्याला नको, पंधरा दिवसांनी ठेवा, म्हणजे घरी एकदा मनात वाचून यायला वेळ मिळतो. गोल बसा, ओळीत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांना खिडकीकडे पाठ करून बसवा, बोलणाऱ्यांचे चेहरे त्यांना उजेडात दिसायला हवेत. पोहे-जिलेबी वाचनानंतर, भरल्या पोटी श्वास उथळ होतो, आणि शेव घशात अडकली की पुढची दहा मिनिटं खोकला. भिशीचा गट असल्याने पुरुष पात्रं बायकांनीच वाचायची आहेत. त्यासाठी आवाज जाड करू नका, चार वाक्यांत ऐकणाऱ्यांना सवय होते. जाड केलेला आवाज मात्र शेवटपर्यंत खोटा वाटत राहतो. एकाच प्रवेशात दोन मिळत्याजुळत्या आवाजांना बसवलंत तर कोण बोलतंय ते कळत नाही, एवढं बघा. मोठी भूमिका अंकागणिक दोघींत वाटता येते.

भूमिकांचं वाटप कोण करणार यावरून गट फुटतात. दर नाटकाला एका जणीकडे जबाबदारी द्या, तिचा शब्द त्या नाटकापुरता शेवटचा. वाचन चालू असताना कुणी कुणाला सुधारायचं नाही, चूक दिसली तर पेन्सिलीने टिपून ठेवायची. शिक्षिकांनो, हे तुम्हाला सर्वांत जड जाईल! नंतरच्या चर्चेत आधी नाटकाबद्दल बोलायचं: त्या मुलाने खोटं का सांगितलं, शेवट पटला का. कोणी कसं वाचलं ते सर्वांत शेवटी, तेही तिने विचारलं तर.

गणपतीत करून दाखवण्याची घाई करू नका. निदान आठ बैठकी आधी होऊ द्या. कॉलनीच्या मंडपात पूर्ण एकांकिका टिकत नाही, मुलं पळत असतात, प्रसाद चालू असतो. पंचवीस मिनिटांचा एकच भाग निवडा, आणि आरतीच्या आधीची वेळ मागून घ्या, आरतीनंतर खुर्च्या रिकाम्या होतात. सात जणींत एक माइक हातोहात फिरवणं म्हणजे ठरलेला गोंधळ: प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द जातो. स्टँडचे तीन माइक मागा, दोघींत-तिघींत एक, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. ज्यांचे संवाद एकमेकींशी जास्त आहेत त्यांना वेगवेगळ्या माइकवर बसवा. फाइल माइकखाली धरा, पान उलटण्याचा आवाज मंडपभर ऐकू जातो. माइकची चाचणी आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी, पंखे आणि लायटिंग चालू असताना घ्या, आणि चाचणीत 'हॅलो हॅलो' न म्हणता सगळ्यांत हळू बोलायचं वाक्य म्हणा. ते मागच्या खुर्चीपर्यंत पोचलं तर बाकीचं पोचतं.